सावंताच्या डब्यातली रेघ

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. फ्रिजच्या मागे धूळ साठते तसे ते साठतात. फ्रिज हलवला की दिसतात. मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली पाण्याची टाकी आहे, तिच्या झाकणावर संध्याकाळी आम्ही तीन म्हातारे बसतो. तिथं असे पुष्कळ साठलेत.

मी दळवी. शिक्षण चौथी. गिरणीत लागलो, गिरणी गेली, मग मिळेल ते केलं. दुसरा कुलकर्णी, बँकेतून मॅनेजर होऊन सुटलेला. तिसरा सावंत, मूळचा मालवणचा, तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. बायको गेली, मूलबाळ नाही.

सावंताच्या डब्याचं काय झालं, हे बिल्डिंगमधला जो तो विचारतो. प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतोय. कुलकर्णी म्हणाला, "दे, शुद्धलेखन बघतो." मी दिलं नाही. तो ह्याचंसुद्धा बँकेचं पत्र करील.

* * *

डबा म्हणजे टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स. सावंताचा जरा मोठा, रेकॉर्डिंगवाला. आवडलेला कार्यक्रम आत भरून ठेवता येतो. भरायला एक बटण. बाहेर काढायला मात्र जन्म जातो. देवळातल्या दानपेटीसारखं. टाकायची फट सगळ्यांसाठी उघडी, काढायचं म्हटलं की ट्रस्टी आडवे.

ह्या डब्यात सावंताची बायको होती. म्हणजे तिचा कार्यक्रम. केबलवाल्यांचं एक चॅनेल घरोघरी जाऊन बायकांचा स्वयंपाक दाखवायचं. ते वहिनींच्या किचनमध्ये आले होते. वहिनींनी बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं घालून. टीव्हीवर लागलं त्या दिवशी अख्खी बिल्डिंग सावंताच्या घरात कोंबलेली. गोंगाटात कोणाला एक शब्द ऐकू आला नाही. नंतर बघू, रेकॉर्ड केलंय, असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी वहिनी गेल्या. मग सावंताने तो कार्यक्रम लावलाच नाही. पण पुसलाही नाही.

मागे एका गुरुवारी तो खाली आला आणि टाकीवर न बसता उभाच राहिला.

"कंपनीचो फोन इलो. जुने डबे परत घेतहत. सोमवारी सकाळी माणूस येतलो."

"मग नवीन मिळेल ना फुकट," मी म्हटलं.

"ती जातली रे."

"कोण जाणार?"

"डब्यातली."

कुलकर्णी म्हणाला, फोटो आहेत ना घरभर. सावंत म्हणाला, "फोटो बोलता काय?"

* * *

वहिनी कशा होत्या ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या बटणं बंद करायच्या. दिवा, पंखा, गिझर, टीव्ही, सावंताच्या मागून हात फिरवत जायच्या. आणि सावंत कधीही कसलंही बटण बंद करायचा नाही. सगळा संसार ह्या एका भांडणावर चालला. माणूस बाथरूममध्ये, पंखा हॉलमध्ये. माणूस बाजारात, दिवा घरात. वहिनी म्हणायच्या, "ह्येंका उजेड इतको आवडता, तर बेस्टच्या वीजखात्यात नोकरी करूची होती."

एकदा दोघं लग्नाला निघाले. खाली येऊन वहिनींनी वर बघितलं, गॅलरीतला दिवा चालू. त्यांनी सावंताला परत पाठवलं. लिफ्ट आमच्याकडे नाही. सावंत पहिल्या मजल्यावर गेला, जिन्यात बसून विडी ओढली आणि खाली येऊन म्हणाला, "केलंय बंद."

वहिनींनी नुसतं वर बोट दाखवलं. दिवा भर दुपारी ढणाढणा जळत होता. मी टाकीवरूनच बघत होतो. लग्नाला त्या एकट्या गेल्या, आणि आधी वर जाऊन दिवा बंद करून गेल्या.

* * *

शुक्रवारी सकाळी कुलकर्णी पेन ड्राइव्ह घेऊन सावंताकडे आला. डब्याच्या मागे भोक होतं, त्यात घातला. टीव्हीवर कार्यक्रमाचं नाव आलं, खाली कॉपी म्हणून आलं, कुलकर्णीने दाबलं. एक लांब पांढरी चौकट आली. तिच्यात डावीकडून निळी रेघ भरत जाणार, भरली की झालं.

आम्ही बसलो. चहा झाला. पेपर झाला. रेघ अजून उंबरठ्यातच.

"हे असं का?" मी विचारलं.

"ट्रान्सफर स्पीड कमी आहे," कुलकर्णी म्हणाला. "डेटा जास्त, त्यात जुनं मॉडेल. प्रोसेस चालू आहे. धीर धरा."

"तू खिडकीवर होतास तेव्हा हेच बोलायचास. आणि आत डबा खात बसलेला असायचास," मी म्हटलं.

सावंत म्हणाला, "ह्यो डबोपण जेवता की काय बघा."

* * *

दुपारी रेघ अर्ध्याच्या पुढे गेली. तिघंही भुकेने कावलेलो. आमच्या हिला फोन केला, ती वरण-भात घेऊन वर आली. आम्ही आत जेवायला बसलो. ही म्हणाली, तुम्ही जेवा, मी निघते, घरी गॅसवर दूध आहे.

जेवून बाहेर आलो तर हॉलमध्ये शांतता. पंखा बंद. दिवा बंद. टीव्ही बंद. डबा बंद.

मी खाली जाऊन बोंबललो. ही म्हणाली, "कोणी बघत नव्हतं, म्हणून केलं बंद. तिघे बाप्ये आत, आणि बाहेर सगळं चालू. सावंतवहिनी असत्या तर त्यांनीपण हेच केलं असतं."

खरंच होतं ते.

वर गेलो. कुलकर्णीने डबा चालू केला होता. चौकट आली होती, रेघ नव्हती. परत पहिल्यापासून. सावंताला सगळं सांगितलं. मला वाटलं आता हा तडकणार, आमच्या हिची खरडपट्टी काढणार. तो म्हणाला, "वरणात मीठ बरा होता."

* * *

शनिवारी घाटकोपरहून एक रिपेरिंगवाला बोलावला. त्याने डब्याला कान लावला. आतून खर्र खर्र येत होतं.

"आजोबा, डिस्क थकलीय."

"स्पीड वाढेल काय?" कुलकर्णीने विचारलं.

"नाही वाढणार. डब्याचाच स्पीड तेवढा आहे. पेन ड्राइव्ह सोन्याचा लावलात तरी तेवढाच."

"मग वेळ किती लागेल?"

"लागेल तेवढा. आज त्याला आराम द्या, थंड होऊ द्या. उद्या सकाळी एकदाच लावा आणि हात लावू नका. मध्ये बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि सारखं सारखं हा झेपवणार नाही."

सावंताने त्याला विचारलं, "वाचतली मां?"

तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं आत कोणी आजारी आहे. मी म्हटलं, डब्याचंच विचारतोय. तो म्हणाला, "प्रयत्न करायचे आजोबा, बाकी वरच्याच्या हातात." रिपेरिंगवाला कसला, मेला डॉक्टरच तो.

* * *

डब्याला आराम द्यायचा होता, तरी त्याच दुपारी कुलकर्णीला अक्कल सुचली. कार्यक्रम टीव्हीवर लावायचा आणि मोबाईलने त्याचा व्हिडिओ काढायचा. एवढं सोपं असताना दोन दिवस आम्ही रेघ बघत बसलो, असं म्हणून त्याने आम्हा दोघांना मूर्खातही काढलं. सावंत म्हणाला, "तू काढ. माका बघूक होवचा नाय." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

थोडं काढून झाल्यावर कुलकर्णीने सावंताला आत बोलावलं, मोबाईल समोर धरला. टीव्हीच्या काचेत कुलकर्णीचं टक्कल आणि त्याच्यामागे ट्यूबलाईट. वहिनी कुठंतरी टकलाच्या आत. आवाज तर विचारूच नका. पंख्याचा घरघराट आणि त्याच्यावर ह्याचं, "हां, दिसतंय... दिसतंय... दळवी, जरा बाजूला हो... आलं, आलं..."

सावंताने शांतपणे सगळं बघितलं.

"ह्येच्यात माझी बायको खंय हा? ह्यो तर तुझोच कार्यक्रम."

कुलकर्णीने तो व्हिडिओ पुसला. सावंत म्हणाला, उद्या डब्यातूनच काय ती येऊ दे, नीट.

* * *

रविवारी सकाळी लावलं. सावंत मासे आणायलासुद्धा गेला नाही. रविवारी मासे न आणलेला मालवणी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

बटणांच्या बोर्डावर त्याने वहिनींची जुनी साडी घडी करून बांधली. कोणाचा चुकून हात लागायला नको. घरातलं बाकी सगळं बंद. फ्रिज बंद, पंखा बंद. आम्ही घामाने थबथबलेले. कुलकर्णी बनियनवर आला. मॅनेजर माणूस बनियनवर.

"सावंता, पंखा तरी लाव रे."

"लोड येतलो. फ्यूज उडाक नको."

ज्या माणसाने उभ्या जन्मात बटण बंद केलं नाही, तो अंधार करून, पंखा बंद करून बसलेला. मी म्हटलं, "वहिनींनी हे बघितलं असतं तर तुला ओवाळलं असतं."

"ओवाळल्यान असता," तो म्हणाला, "आणि निरांजनपण फुकून टाकल्यान असता. तेल जळता म्हणून."

* * *

संध्याकाळी रेघ पार उजवीकडे आली. चौकटीत बोटभर जागा उरली असेल. डबा खर्र खर्र करत होता, पण चालत होता. कॉपी चालू असताना दुसरा चॅनेल लागत नाही, पण तोच कार्यक्रम बघता येतो, हे कुलकर्णीला आता शोध लागल्यासारखं कळलं.

मी म्हटलं, "मग नुसती रेघ काय बघायची? लाव की वहिनींना. आता काय, झालंच आहे."

कुलकर्णीने सावंताकडे बघितलं. सावंत नाही म्हणाला नाही. मी म्हटलं, शेवटचं लाव, बघून तरी होईल.

वहिनी आल्या. हिरवी साडी, नाकात नथ, हातात पळी. पातेल्यातलं तिखलं ताटलीत वाढत होत्या. मागे किचनमध्ये चॅनेलवाल्यांचा मोठा पांढरा दिवा. सूत्रसंचालिका बाई म्हणत होती, किती छान वास येतोय. वहिनी म्हणाल्या, "वासान पोट भरत नाय, खा." आवाज अगदी तोच. जिन्यातून यायचा तसा. कुलकर्णीने चष्मा काढून पुसला. वर वहिनी, खाली रेघ सरकत होती. बोटभर जागेची आता नखभर झाली.

सूत्रसंचालिका बाईने नमस्कार केला. कार्यक्रम संपला असं वहिनींना वाटलं असणार. त्यांनी पळी ठेवली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला सावंतच उभा असणार, त्याच्याकडे बघितलं.

"अवो, झाला ना आता? काय बघीत उभे ऱ्हवलास? बंद करा ता. मीटर पळता."

टीव्हीतली माणसं हसली.

सावंत खुर्चीवरून उठला. बोर्डाजवळ गेला. साडीची गाठ सोडली, साडी खांद्यावर टाकली आणि बटण दाबलं.

खर्र खर्र थांबलं. वहिनी गेल्या, चौकट गेली, रेघ गेली. कुलकर्णीचा चष्मा हातातच.

सावंत आमच्याकडे वळला.

"बगतास काय? ती बंद करा म्हणाली ना."