दादाने फोडलेली पाटी

मंडळी, हे मी बोलतेय आणि नात लिहितेय, कारण मला लिहिता येत नाही. का येत नाही, ते आज दुपारी शहाद्यात भर सभेत सांगून आले.

नातीच्या कॉलेजात संशोधन स्पर्धा होती. तिचा विषय, शिक्षणाने म्हातारपणीची तब्येत कशी बदलते. उदाहरणं घरचीच, मी आणि माझा थोरला भाऊ, दोघांना तिने मंचावरच बसवलं होतं. दोघं ब्राह्मणपुरीत एकाच चुलीवरची भाकर खाऊन वाढलो. दादा मॅट्रिक झाला, आजही ताठ चालतो. मला गोळीचं नाव वाचता आलं नाही, भलतीच घेतली आणि दवाखान्यात पडले.

परीक्षकबाईंनी विचारलं, "आजी, शाळा का सोडली?"

माझ्याआधी दादाच बोलला, "हिलेच शाळानी गोडी नव्हती."

मी माईक ओढून घेतला. "दादा, मी पहिलीत व्हतू. कापूस वेचाले धाडाकरता मन्ही पाटी कोनी फोडी?"

दादाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मी डोळे भरून बघून घेतलं.

सून म्हणते, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं बोलायचं नव्हतं.

साठ वर्षं गप्प बसले होते. तुम्हीच सांगा, आज घाई केली का मी?