मी हॉल शांत करायला घेतला

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगताना एकाला असा ठसका लागला की पाठीत गुद्दे घालावे लागले. आणि हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण मी जे करून बसलो ना, ते अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात दुसऱ्या कोणाला जमणार नाही!

तर मी बोटीवरचा माणूस. सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. तिथला आवाज म्हणजे काय विचारता! शेजारचा कानात ओरडला तरी त्याचे नुसते दात दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. त्या धडधडाटात मी एकच स्वप्न बघायचो. रिटायर व्हायचं, भाट्याला आपल्या घरी यायचं आणि शांत बसायचं. अगदी शांत.

आलो. हॉलमध्ये बसलो. आणि काय सांगू, तो हॉल होता की कस्टमचं गोदाम? दोन सोफे, झोपाळा, टीव्ही, आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची खाट, भिंतीवर मागच्या वर्षांचीसुद्धा कॅलेंडरं, आणि एक भलंमोठं शोकेस. त्यात जपानची बाहुली, ग्रीसचा घोडा, दुबईचं घड्याळ. हे घड्याळ दर तासाला असं केकाटायचं की झोपाळ्यावरचा माणूस खाली उतरायचा.

हे सगळं घरात आणलं कोणी? मीच की! दर सुट्टीला एकेक.

मग एक दिवस मोबाईलवर तो व्हिडिओ दिसला. जपानी पद्धतीचं शांत घर! खोली रिकामी, भिंती पांढऱ्या, जमिनीवर पांढरी बैठक, कोपऱ्यात तबकात वाळू आणि वाळूत एक दिवा. बस्स. बघता बघताच माझा श्वास लांब झाला हो!

"सुनीता!" मी ओरडलो. "हे बघ! आपला हॉल अस्सा करायचा!"

सुनीता म्हणजे माझी बायको. ती कोलंबी सोलत होती. तिने मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"यांचं सामान चोरीला गेलंय काय?"

"अगं, यालाच शांतता म्हणतात!"

"आणि आलेला माणूस बसायचा कुठे?"

"खाली! जमिनीवर बसलं की मन स्थिर होतं."

"मन होईल स्थिर. आप्पांचे गुडघे काय म्हणतील ते बघा."

मी हट्टच धरला. शेवटी ती म्हणाली, "करा काय ते. पण आप्पांना पसंत पडलं तरच राहील. नाहीतर सगळं होतं तस्सं लावून द्यायचं, आणि पुन्हा म्हणून जन्मात हॉलला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. माझ्या उभ्या जन्माच्या शांततेचा निकाल आता आप्पांच्या हातात होता. आणि आप्पा कसे? त्यांनी आजवर कशालाही बरं म्हटलेलं नाही. देवळातला प्रसादसुद्धा ते "गूळ कमी आहे" म्हणून खातात.

संधी लगेच चालून आली. लांज्याला माझी ताई असते. काजूच्या दिवसांत सुनीता तिच्याकडे मदतीला जाते, ते वाडीला ठाऊक आहे. पण या वेळी आप्पाच म्हणाले, "मीपण येतो. ओल्या काजूगरांची उसळ खाऊन बरेच दिवस झाले." आप्पा पडवीतली जागा सोडून कधी कुठे जात नाहीत! पण उसळीपुढे कोणाचं काय चालतं? दोघं पहाटेच्या एसटीने गेली. अंधार होता, वाडीत कोणी बघितलं नाही. हे तेवढं ध्यानात ठेवा, इथेच पाणी मुरलं.

मी लागलो कामाला! काय तो उत्साह! सोफे, झोपाळा, शोकेस, सगळं मागच्या मांगरात, म्हणजे अडगळीच्या खोपटात, नेऊन कोंबलं. मांगर भरला, आणि आप्पांची खाट तेवढी राहिली. ती ठेवली पुढच्या अंगणात. म्हटलं, आहेच ऊन, तर त्यांची गादीपण गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, टाकू. टाकली.

मग भिंतींना पांढरा रंग. रंगारी कशाला? बोटीवरच्या माणसाला रंग काय शिकवायचा? ब्रश घेऊन चढलो आणि वरचा एक मोठा थेंब थेट माझ्या मिशीत. पुसला तर पसरला. धुतला तर चिकटला. शेवटी आरशासमोर उभा राहून मिशीच उडवली. हरकत काय, नवीन हॉलला नवीन चेहरा!

खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरल्या. तबकासाठी भाट्याच्या किनाऱ्यावरून वाळू आणली, पण ती ओली, आणि तिच्यातून एक कुर्ली चालायला लागली. मग सुनीताची पांढरी रांगोळी घेतली. तबकात पसरली, कंगव्याने तिच्यावर व्हिडिओतल्यासारख्या नागमोडी रेघा ओढल्या, मध्ये पणती लावली. शेवटचा नियम होता मोबाईल बंद! बंद केला, कपाटात टाकला. पांढरा झब्बा घातला, मांडी घातली, डोळे मिटले.

अहाहा! काय सांगू त्या सुखाचं!

एवढ्यात पावलं वाजली. शेजारच्या सुमनकाकी कोथिंबीर मागायला आल्या होत्या. सुमनकाकींचं तोंड म्हणजे आमच्या वाडीची आकाशवाणी. सकाळी सुरू होतं ते रात्री बंद. त्या बडबडतच दारात आल्या. "विनू, अरे खाट का बाहेर काढलीस, आणि ती गादी..."

आणि थांबल्या. त्यांनी हॉल बघितला. दिवा बघितला. माझा चेहरा बघितला. हात तोंडावर गेला. आणि एक शब्द न बोलता आल्या पावली परत गेल्या!

मी मनातल्या मनात उडीच मारली. सुमनकाकी गप्प! अरे, या हॉलमध्ये ताकद आहे ताकद!

थोड्या वेळाने त्या परत आल्या. हातात चहाची किटली आणि कुळथाचं पिठलं-भात. माझ्यासमोर ठेवून पाठीवरून हात फिरवला.

"चार घास खाऊन घे रे बाबा. चूल नको पेटवू."

बघा! मायासुद्धा वाढते! मी पिठलं-भात चाटूनपुसून खाल्ला. काकी डोळ्याला पदर लावून बघत होत्या. मला वाटलं, कौतुकाने.

मग माणसं यायला लागली. म्हटलं, बातमी पसरली, लोक हॉल बघायला येतायत! आणि काय शिस्त हो! चपला बाहेर. कोणी "काय, कसं काय" म्हणत नाही. गुपचूप येतात, भिंतीला टेकून बसतात, खाली बघतात. कोणी लांब सुस्कारा सोडला की मीपण सोडायचो. थोडा वेळ बसून न बोलताच उठून जायचे. साधं "येतो"सुद्धा नाही! व्हिडिओतल्या माणसाने एवढं सांगितलंच नव्हतं.

नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्या दत्तूने दिव्याला नमस्कार केला, मग वाकून तबकात बघितलं. बघता बघता त्याच्या अंगावर काटा आला.

"नाग!" तो शेजारच्याला हळूच म्हणाला. "सरळ नागाच्या जन्माला."

मला वाटलं, रेघांची तारीफ चाललीये. मी नम्रपणे म्हणालो, "कंगव्याने काढलंय."

दत्तूने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "विनायकराव, सावरा स्वतःला."

आणि मग आले भाई मास्तर! भाई मास्तर म्हणजे आमच्या पलीकडच्या घरातले, आप्पांच्या वयाचे. आप्पांचं आणि त्यांचं गडग्यावरून भांडण. गडगा कोणाच्या जागेत, यावरून कोर्टापर्यंत जाऊन आलेले. कितीतरी वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही. तो माणूस आज आपल्या पायाने आमच्या दारात! आत आला, चादरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

"माझंच चुकलं रे विनू. गडगा त्याचाच होता. मला ठाऊक होतं."

मी थरारलो! जे कोर्टाला जमलं नाही ते माझ्या भिंतीच्या रंगाने करून दाखवलं! आता आप्पा नाही म्हणूच शकत नाहीत!

"भाई," मी गहिवरून म्हणालो, "हे तुम्ही आप्पांनाच सांगा ना. त्यांना किती बरं वाटेल!"

भाईंनी माझ्याकडे असं बघितलं, आणि जो हंबरडा फोडला! सगळा हॉल हुंदके द्यायला लागला. मलापण भरून आलं. शांततेने माणूस इतका हळवा होतो हे मला ठाऊक नव्हतं.

तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. आलंच असणार! पण माझ्या नाही आलं. कसं येणार? आई गेली तेव्हा मी पॅसिफिकमध्ये होतो, काका गेले तेव्हा ब्राझीलला. आपल्या घरात माणूस गेलं की सामान बाहेर काढतात, चादरी अंथरतात, पिठावर दिवा ठेवतात आणि पुढचा जन्म कुठला ते पिठातल्या ठशांवरून बघतात, हे सगळं माझ्या पाठीमागेच होऊन गेलेलं. मी नेहमी तेराव्यानंतर पोचायचो, शोकेससाठी काहीतरी घेऊन.

आणि पुढचं तर मला मागाहून कळलं. सुमनकाकींनी सुनीताला फोन लावला होता. पण असली बातमी फोनवर सरळ सांगायची आपल्याकडे पद्धत आहे का?

"सुनीता, आहेस तशी नीघ गो."

"का? काय झालं?"

"काही नाही गो. जरा सिरियस आहे. आम्ही सगळे आहोत घरात. तू ये आधी."

आता काकींना वाटत होतं आप्पा रात्रीच हॉस्पिटलात गेले आणि मी परस्पर सगळं उरकून आलो. पण आप्पा तर सुनीताच्या समोर बसून उसळ खात होते! मग भाट्याच्या घरात उरलं कोण? तिने मला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ताईच्या दिराची गाडी काढून दोघं लांज्याहून जी सुटली!

मी इकडे डोळे मिटून बसलेला. अंगणात गाडी थांबली, आणि "अहोऽऽ" असा टाहो फोडत सुनीता आत आली. सगळे उभे राहिले, तिला धरायला बायका पुढे झाल्या.

मी डोळे उघडले, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "शूऽऽ! शांतता!"

ती जागच्या जागी थिजली. आणि तिच्या मागून, काठी टेकत, धापा टाकत, दारात आप्पा उभे राहिले.

त्यानंतर जो गोंधळ झाला! भाई मास्तरांनी किंकाळी फोडली. दत्तू उलट्या पावली तबकात गेला, पणती विझली, त्याचा पाय पांढरा झाला. सुमनकाकी "राम राम राम" करत भिंतीला चिकटल्या, रंग ओला होता, तो पाठभर लागला.

"आप्पा! तुम्ही?"

"मग कोण? विनू कुठाय माझा?"

"इथे," मी म्हणालो.

आप्पा तसेच पुढे आले. दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या माणसाला मी कधी रडताना बघितलेलं नव्हतं. खरं सांगतो, तेवढ्या क्षणाला मला भूमीने पोटात घ्यावं असं झालं. लांज्यापासून भाट्यापर्यंत म्हातारा काय जीव मुठीत धरून आला असेल!

मग त्यांचा अंगठा माझ्या ओठावर थांबला.

"मिशी कुठाय?"

"रंग लागला म्हणून..."

फाट्! "शिंच्या, बाप जिवंत असताना मिशी काढतोस?"

तेव्हा कुठे एकेकाचं तोंड उघडलं. कोणी रडतंय, कोणी हसतंय, काकी मला चादर, दिवा, खाट सगळ्याचा अर्थ समजावून सांगतायत. मी ऐकून घेतोय, मान खाली. भाई मास्तर तेवढे चपला शोधत होते.

"भाई," आप्पा म्हणाले, "तू कसा काय आलास?"

"सहज."

"गडग्याबद्दल काय ते म्हणत होतात ना तुम्ही?" मी विचारलं.

"मी काही म्हटलं नाही," भाई म्हणाले, आणि गेलेसुद्धा.

हळूहळू सगळे पांगले. सुनीता कमरेवर हात ठेवून उभी. मांगरातून सोफे परत आणायची वेळ आली हे तिचे डोळेच सांगत होते. माझं शांत घर गेलं! पण माणूस किती निर्लज्ज असतो बघा. मी तरी विचारलंच.

"आप्पा, झालं ते झालं. पण हॉल कसा वाटला?"

आप्पांनी काठी टेकून एकदा चारी भिंती बघितल्या. चादरी बघितल्या. वर बघितलं, खाली बघितलं. मी श्वास रोखून धरला होता.

"ठेव असाच," ते म्हणाले.

मी उडालोच! "बघितलंस सुनीता? पसंत पडला! आप्पा, खरंच आवडला?"

"आवडायचंय काय त्यात?" आप्पा म्हणाले. "पण मी काय, आज ना उद्या जाणारच. तेव्हा तू पुन्हा सामान काढत बसणार आणि हजार घोळ घालणार. त्यापेक्षा आत्ता सगळं बरोबर लागलंय, ते राहू दे. त्या दिवशी मला तेवढं मध्ये आणून ठेव. तेवढं तरी जमेल ना तुला?"