दक्षिणेला गेलेला अगस्ती

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. मूल शहराजवळच्या आमच्या गावात संध्याकाळीच वीज गेलेली. अंगणात हजर: मी, नवरा, सासूबाई आणि नणंदेची सहा वर्षांची मुलगी. गैरहजर: नणंद. होळीला येते, असं मुलीला सांगून ती गावातल्या बायांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली होती आणि तीन-चार दिवसांपासून तिचा फोन बंद होता.

दुपारी मी कामं वाटली होती. बायांना कामावर नेणाऱ्या मुकादमाला फोन नवऱ्यानं करायचा, सोबतच्या बायांच्या घरी मी विचारायचं. मुकादम उचलेना. बायांच्या घरीही काही कळलं नव्हतं. रानात रेंज नसेल, एवढंच जो तो म्हणे. मुलीसमोर विषय काढायचा नाही, असं ठरलं.

तिचं मन रमवायला मी गोष्ट काढली. दक्षिणेला, राइस मिलच्या पत्र्यांवर, मोठा तारा लकाकत होता.

"तो अगस्ती. मोठे ऋषी होते. विंध्य पहाड इतका वाढून राह्यला होता, का सूर्याचा रस्ताच अडला. ऋषी आले तसा तो पाया पडाले वाकला. ते म्हणाले, मी दक्षिणेत जाऊन येतो, तवरीक असाच राय."

"मंग?"

"मंग गेले."

"वापस कधी आले?"

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. अगस्ती दक्षिणेतून कधी परतलेच नव्हते; आपण काय सांगून बसलो, ते मला तेव्हा कळलं.

"पायी गेले ना," नवरा घाईनं म्हणाला. "एसटी कुठी होती तवा!"

ती हसली नाही. "आईनंबी मले सांगतलं, मी येतवरीक मामीजवळ चांगली रायजो."

"दुसरी गोष्ट नव्हती तुले?" सासूबाई माझ्यावर करवादल्या.

रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर, अनोळखी नंबरावरून नणंद बोलली. मोबाइल पाण्याच्या टाक्यात पडला होता, बाकी सगळ्या ठीक. मला रडूच आलं.

"वयनी, काम वाढलं. होळीले नाई, पाडव्याले येतो. पोरीले तुमीच सांगा. ती रडली का मले इथी राहनं होनार नाई."

बायांच्या घरी निरोप दिले. मुकादमाला आता फोन नको, असं नवऱ्याला कळवलं. शाळा सुटल्यावर मुलीला सांगितलं, आई बरी आहे. तिनं दप्तर फेकून अंगणभर उड्या मारल्या.

"मंग होळीले येते ना?"

"आधी हातपाय धू," मी म्हटलं.

हातपाय धुऊन झाले, जेवण झालं. होळीचं सांगायचं राहिलंय.