तीर्थाचा रकाना

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकायची, चष्मा कपाळावर ढकलायचा, जमिनीतलं झाकण उचलून आत डोकावल्यासारखं वाकायचं आणि विचारायचं, "ताई, रीडिंग?" नमस्कार नाही, बसणं नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती आणि मी डोंबिवली पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होते. किडनी किती थकली आहे ते सांगणाऱ्या रक्तातल्या ज्या आकड्याला आम्ही क्रिएटिनीन म्हणायचो, त्याला हे गृहस्थ रीडिंग म्हणायचे. अठरा वर्षं पाणीखात्यात मीटर वाचण्यातच गेली होती त्यांची. राहायला मात्र दिवा स्टेशनजवळ, जिथे नळाला पाणी आलं की शेजारी एकमेकांची दारं वाजवून सांगायचे. यावरून आम्ही त्यांना चिडवलं की म्हणायचे, "मी पाणी मोजतो, आणत नाही."

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांना थोरल्या बहिणीची किडनी बसवली होती. लग्न राहूनच गेलेलं; घरात ते आणि विधवा बहीण, दोघंच. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून त्यांना रोज गोळ्या होत्या, आणि त्याच गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती झोपवून ठेवली होती. तुमच्याआमच्या घरी दोन दिवसांत विसरला जाणारा जुलाब त्यांना इस्पितळात पोचवू शकत होता. म्हणून दर मंगळवारी रक्त तपासायचं.

त्यांची वही तुम्ही पाहायला हवी होती. खात्यातलं जुनं, लांबट रीडिंगबुक. त्यात रोजचं वजन, दोनदा ताप, रक्तदाब, प्यायलेलं पाणी आणि झालेली लघवी, सगळं मिलिलिटरमध्ये. खाल्लेला प्रत्येक घास शेवटच्या रकान्यात. "आत किती गेलं, बाहेर किती आलं," ते समजावून सांगायचे. "फरक जास्त म्हणजे कुठेतरी गळती." एकदा १.४३ आलं असताना मी सवयीने "एक पॉइंट चार" म्हणाले, तर चष्मा खाली आला. "गोल करू नका, ताई. गोल केलं की माणूस फसतो." मला राग आला. दुसऱ्या दशांशाला काही अर्थ नसतो, हे त्यांना कुणी सांगायचं? मी सांगितलं नाही आणि पुढच्या मंगळवारपासून गोल करणंही सोडलं.

बहिणीला ते अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही. अक्का बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. आकडा त्यांना कळायचा नाही. भाऊ वहीत लिहीत असला की हळूच विचारायच्या, "माझी बरी आहे ना गं?" सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तसं. "मजेत आहे," मी सांगायचे. "जपतोय का तिला?" "तुमच्यापेक्षा जास्त." मग त्या पिशवीतून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवायच्या.

तपासणी तेव्हा हाताने करावी लागे. पिवळ्या द्रावणात रक्तातला सीरम टाकला की रंग नारिंगीकडे झुकायचा. जितका गडद, तितकी किडनी थकलेली. आकडा नंतर यायचा, मला रंगावरूनच कळायचं. मंगळवारी त्यांच्या नळीत सीरम टाकला की मी आधी दुसरीकडे पाहायचे, मग रंगाकडे. दिवसभरात पन्नास माणसांचं रक्त हातावरून जात होतं. याच एका माणसाने मला का घाबरवावं, ते मला कळत नसे आणि आवडतही नसे.

दीड वर्ष असंच गेलं. त्या वर्षी माझं लग्न झालं, आम्ही ठाकुर्लीला नवीन जागा घेतली आणि सत्यनारायण घातला. त्या दोघांनाही बोलावलं. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. तोंडाला रुमाल, खांद्याला उकळलेल्या पाण्याची बाटली. दाराजवळच्या खुर्चीत बसले. सरबत नको, जेवण नको. घोटभर पाणी प्यायचे तेही स्वतःच्या बाटलीतलं, आणि लगेच वहीत टिपायचे. माझ्या सासूबाई पाहतच राहिल्या.

निघताना ते देवासमोर वाकले आणि त्यांनी उजवा तळहात पुढे केला. पळी माझ्या हातात होती. मी तीर्थ घातलं. त्यांनी ते प्यायलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि समाधानाने हसले. त्या पळीत काय होतं, ते मी सांगते. आमच्या इमारतीच्या टाकीतलं, सकाळी भरलेलं पाणी. मी आदल्या दिवशी पाणी उकळायला निघाले होते, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "पूजेला उकळलेलं कसं चालेल गं? ताजंच भरून घे." मीही भरून घेतलं. लॅबमध्ये जंतू ओळखणारी मी, घरी आल्यावर मला पळीत पाणी दिसलंच नाही.

दोन दिवसांनी आमच्या घरात सगळ्यांची पोटं बिघडली. चौथ्या दिवशी ते आले. मंगळवार नव्हता. डोळे खोल गेलेले, अंगात ताप. अक्कांनी दंडाला धरून आणलेलं. मी रक्त घेतलं, द्रावणात सीरम टाकला आणि रंग वाढतच गेला. मी पुन्हा करून पाहिलं. तोच रंग.

"ताई, रीडिंग?"

गोल करणं सोडल्यापासून पहिल्यांदाच मला गोल करावंसं वाटलं. "दोन पॉइंट नऊ एक," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. एरवीसारखं अक्षर नव्हतं. अक्का उठून काउंटरपाशी आल्या. "माझी गेली का गं?" मी त्यांना धरून बाकावर बसवलं.

लॅबमधूनच त्यांनी इस्पितळात फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरांचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. शरीर किडनी नाकारतंय असं दिसतं, ताबडतोब या, जबर औषध सुरू करावं लागेल. मग त्यांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं का? हे म्हणाले, "छे. सगळं वहीत आहे. उकळल्याशिवाय थेंब नाही." त्या जबर औषधाने उरलीसुरली प्रतिकारशक्तीही जाते, एवढं मला माहीत होतं. नाकारणं असेल तर किडनी वाचेल. पण पोटात जंतू असले तर माणूसच जायचा.

मी वही ओढली. आमच्या पूजेच्या दिवसाचं पान. पाणी दोन हजार तीनशे, सगळं बाटलीतलं. खाणं घरचं. तीर्थाचा कुठे उल्लेखच नाही.

"तीर्थ का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. खरोखरच चकित झाले होते. "अहो ताई, तीर्थ म्हणजे काय पाणी आहे?"

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. वहीत तसा पुरावा नव्हता. मी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि सांगितलं की, डॉक्टर, चार दिवसांपूर्वी यांनी माझ्या घरी न उकळलेलं पाणी घेतलंय, मीच दिलंय, आणि घरात आमचीही पोटं बिघडली आहेत. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आधी संसर्ग तपासतो."

संसर्गच निघाला. सलाइनं लागली, अँटिबायोटिक्स लागली. ते दिवस मी कसे काढले ते विचारू नका; लॅबमधला फोन वाजला की मी आतल्या खोलीत जायचे. तीन आठवड्यांनी ते काउंटरवर वाकले तेव्हा वजन सहा किलोंनी उतरलं होतं. १.६२ आलं. पुढे ते पुन्हा १.४ पर्यंत खाली कधीच उतरलं नाही. ते वरचे दोन दशांश माझे आहेत.

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. नुसती वही उघडून दाखवली. पट्टीने एक नवा, अरुंद रकाना आखला होता: तीर्थ. "गळती सापडली, ताई," ते म्हणाले. त्यानंतर ते कुठल्याही पूजेला स्वतःची छोटी बाटली घेऊन जायचे आणि भटजींना म्हणायचे, "यात तुळशीचं पान टाका, झालं तीर्थ." काही भटजी रागवायचे. हे रकान्यात लिहायचे: पाच मिली.

आणखी सहा वर्षं ते येत राहिले. मग एका मंगळवारी अक्का एकट्याच आल्या. मला वाटलं ते जिना चढताहेत, म्हणून मी दाराकडे पाहत राहिले. अक्कांनी सांगितलं, शनिवारी सकाळी, छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं.

"त्याचं शेवटचं रीडिंग काय होतं गं?" त्यांनी विचारलं. मी रजिस्टर काढलं. एक पॉइंट सहा चार.

"म्हणजे माझी बरी होती?"

"शेवटपर्यंत बरी होती, अक्का."

त्यांनी मान हलवली, पिशवीतून वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "तुझ्याकडे राहू दे. मला आकडे कळत नाहीत." त्या गेल्यावर मी शेवटचं पान उघडलं. शनिवार. वजनाचा रकाना कोरा, तापाचा कोरा, पाण्याचा कोरा. फक्त तीर्थाच्या रकान्यात, अक्कांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, दोन ओळी होत्या.

गंगा, एक पळी.
उकळून गार केलेली.