उन्नतीची गाडी आणि मामाचा रथ

पूर्णा गावात तुळशीरामला सगळे गेटवाला मामा म्हणतात. हायवेच्या अंगाला गोदामं उभी राहिली तेव्हा त्यांची निम्मीअधिक गेटं याच्याच वर्कशॉपातून गेली. मामा हे नाव मात्र एकाच पोरीमुळे पडलं. उन्नती ही त्याच्या बहिणीची, सुवर्णाची मुलगी. तुळशीरामला स्वतःचं मूलबाळ नाही. उन्नतीचा बाप ती लहान असतानाच गेला आणि तेव्हापासून दोन माणसांनी तिच्यावर जीव टाकला, एक हा मामा आणि दुसरा तिचा काका, भरत. त्यांनी एकमेकांवरही थोडा टाकला असता तर बरं झालं असतं.

मामानं सायकल घेतली की काकानं स्कूटी घ्यायची. काकानं वाढदिवसाला केक आणला की मामानं त्याहून मोठा आणायचा, मग तो फ्रीजमध्ये मावो न मावो. पण एका बाबतीत मामा निर्धास्त होता. लोखंड त्याचं होतं. वेल्डिंगचा मास्क पहिल्यांदा तोंडावर धरला तो पोरीनं त्याच्याच वर्कशॉपात, स्टुलावर बसून पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हा. पुढे तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, आणि त्याचं श्रेय तुळशीरामनं कुणालाही न विचारता स्वतःकडे घेऊन टाकलं.

म्हणून भरतच्या घरामागच्या शेडमध्ये उन्नती रेसची गाडी बनवतेय हे ऐकलं तेव्हा आधी त्याला खोटंच वाटलं. रेसची, आणि तीही जुन्या जमान्यातली, लांब नाकाची, उघड्या चाकांची. आणि भरतकडे! भरतला लोखंडातलं काय कळतं? त्याच्या बापानं खाडीवर होड्या बांधल्या आणि भरतनं त्या रंगवल्या, एवढीच त्याची कारागिरी.

"सगला गाव बघून आला," सीताबाई, म्हणजे त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमीच तेवढं राह्यलात."

"मला कामं हायत."

कामं होती, तरी रोज संध्याकाळी त्याचे पाय भरतच्या घरामागच्या बोळात वळायचे. एकदा कुंपणाच्या भिंतीवरून त्यानं डोकावून पाहिलंच. जुन्या व्हॅनचं इंजिन, चौकोनी पाइपची चासी, बुलेटची तारांची चाकं. इथवर ठीक होतं, हे त्यालाही जमलं असतं. पण मागच्या भागावर त्याची नजर अडकली. भरतनं तो होडी बांधतात तसा बांधला होता, आधी फासळ्या उभ्या करून मग त्यांवर पत्रा. पत्रा असा गोल वळत निमुळता झाला होता की कुठं सांधा दिसेना. तुळशीरामचा सगळा जन्म सरळ रेषांत गेला होता. गेट, ग्रिल, शटर. पत्र्याला असा बाक आणणं त्याला कधीच जमलं नव्हतं. उन्नती काकाला काहीतरी सांगत होती, तोंडाला ग्रीस लागलेलं, आणि दोघं हसत होती. तुळशीराम जळला. सरळ सांगायचं तर इतका जळला की त्या रात्री जेवला नाही, आणि सीताबाईनं विचारलं तर भाकरी कच्ची होती म्हणाला.

मग उन्नतीचं लग्न ठरलं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. हा मान काही काकाला विकत घेता येत नाही, म्हणून तुळशीराम जरा ताठ चालू लागला. आणि अशात एका दुपारी उन्नती वर्कशॉपात आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "मामा, मी मांडवात माझ्या गाडीनं येनार हाय. आनि तू पन—"

"त्या डब्यात मी बसनार न्हाय," तुळशीरामनं तिला तोडलं. "नवरीला मामा आनतो, काकाचा पत्रा न्हाय. मी रथ सांगितलाय. दोन घोड्यांचा."

 उन्नतीनं कप विसळून ठेवला आणि ती गेली. रथ काही त्यानं सांगितलेला नव्हता. तोंडातून गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी मानकोलीला जाऊन सांगावा लागला.

लग्नाच्या संध्याकाळी सुवर्णाच्या दारात दोन्ही वाहनं उभी राहिली. उन्नती शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बाहेर आली, रथाकडे बघून हसली आणि सरळ गाडीत जाऊन स्टेअरिंगवर बसली. भाडं दिलेला रथ परत कसा पाठवायचा? तुळशीराम फेटा आणि न वाकणारा गुडघा सावरत त्यात चढला. सीताबाईला बोलावलं तर ती म्हणाली, "मी न्हाय बसत. लोक म्हनतील, या दोघांचंच लगीन हाय."

अशी वरात निघाली. पुढे बँड, मग नाचणारी पोरं, मग गडद लाल गाडी, शेजारून चालणारा भरत, आणि मागे गाद्यागिरद्यांच्या रथात एकटा मामा. "मामा, नवरी हरवली काय?" असं कुणीतरी ओरडलंसुद्धा. सगळे मोबाइल पुढच्या गाडीकडे वळलेले. तुळशीराम हसतमुख बसून होता आणि आतून एकच घोकत होता, की बंद पड, बंद पड.

आणि ती पडली. शर्यतीची गाडी म्हणून काका-पुतणीनं इंजिनापुढचा पंखाच काढून टाकला होता, वेगात वारा लागतो म्हणून. पण बँडमागून मुंगीच्या चालीनं जाणाऱ्या वरातीत वारा कुठून लागणार? एवढ्या डोक्याच्या माणसांना, आणि बघून गेलेल्या अख्ख्या गावाला, हे सुचलं नाही. गावदेवीच्या देवळापाशी बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन गप्प झालं.

तुळशीराम रथातून असा उतरला की फेटा मागेच राहिला. आनंदानं त्याला धड श्वास घेता येईना. "चल पोरी," तो गाडीपाशी येऊन म्हणाला. "मुहूर्त जाईल. चल रथात."

तिला उतरवायला तो तिचा हात धरून वाकला आणि थांबला. तिच्या शेजारी, जिथं दुसरी सीट असायला हवी, तिथं पत्रा ठोकला होता. पत्रा जोडणाऱ्या रिबिटा नव्या होत्या, रंगही बाकीच्या अंगाशी जुळत नव्हता. घाईत केलेलं काम त्याला लगेच कळतं.

"ह्ये काय झाकलंय?"

"तुझी जागा होती," उन्नती म्हणाली. "तुझा गुडघा वाकत न्हाय, म्हनून पाय सरळ ठेवाया पुढं लांब केलेली. तू बोल्लास, डब्यात बसनार न्हाय. आता रिकामी ठेवली असती तर लोकांनी इचारलं असतं, मामा का न्हाय बसला. म्हनून बंद केली."

ती रागानं बोलली नाही.  त्यानं तिच्या हाताला धरलेला आपला हात काढून घेतला.

"उतरू नको," तो म्हणाला. "स्टेअरिंग धर."

मग तो गाडीच्या मागे गेला, भरतनं घडवलेल्या त्या निमुळत्या टोकाला दोन्ही तळवे लावले आणि ढकलू लागला. बँडवाल्यांनी पुन्हा सुरुवात केली. भरत धावत आला आणि त्यानं शेजारी हात लावला.

"हात काढ," तुळशीराम म्हणाला.

"दादा, पुढं चढ हाय. तुमचा गुडघा—"

"हात काढ, भरत. तिला मी आननार हाय."

भरतनं हात काढला. मांडवापर्यंतचा चढ तुळशीरामनं एकट्यानं, पाय ओढत पार केला, आणि सगळ्या वाटेत त्याला दिसत होती ती फक्त उन्नतीची पाठ आणि तिच्या शेजारची जागा झाकणारा तो पत्रा.