चांदण्यातला च

दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान माझ्या घरातल्या वस्तू आपापलं लिंग सांभाळून बसलेल्या असतात. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. भोरसारख्या गावात एकट्या राहणाऱ्या बाईने असलं काही बोललं की लोक लगेच पुण्याच्या डॉक्टरचा पत्ता देतात. पण डुलकी लागायच्या बेतात असताना मला ते अगदी स्पष्ट दिसतं. खुर्ची ती, म्हणून पाय जुळवून बसलेली. पंखा तो, म्हणून उगाच कुरकुरणारा. टेबल ते, म्हणजे अजून शेंबडं पोर, कुणीही यावं आणि त्याच्या डोक्यावर काहीही ठेवावं.

ही खोड मला लहानपणापासून आहे. पुढे पुढे तर नव्याने आलेल्या वस्तूंचंही मला कौतुक वाटायला लागलं. टेम्पो तो, एसटी ती, सिमकार्ड ते. कुणी ठरवलं? कुणी बैठक घेतली नाही, सरकारी आदेश निघाला नाही, तरी भोरपासून वेल्ह्यापर्यंत सगळ्यांना एकाच दिवशी कळल्यासारखं कळलं. मोबाईल तो आणि रेंज ती. लाईटही तीच. आमच्याकडे जे जे वारंवार निघून जातं त्याला आम्ही बहुतेक ‘ती’ म्हणतो, असं मी एकदा शेजाऱ्यांना म्हटलं, तर ते हसले आणि त्यांची बायको हसली नाही.

पोट भरण्यासाठी मी तीस वर्षं जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणि इंग्रजीत उतरवली. पंप कसा उघडावा, तेल कधी बदलावं, बोट कुठे घालू नये. जर्मनलाही आपल्यासारखीच तीन लिंगं. पण त्यांची वाटणी निराळी. त्यांचा सूर्य बाई आहे. चंद्र मात्र आपल्यासारखाच पुरुष. घर दोन्हीकडे ते, पाणी दोन्हीकडे ते. चमचा इथेही तो, तिथेही तो. दिवसभर अशा दोन घरांत ये-जा केली की संध्याकाळी नीरेच्या पुलावर उभं राहून मावळतीकडे बघताना मला खरोखर कळेनासं व्हायचं, की आता जो बुडतोय तो बुडतोय की ती बुडतेय. मला ती गुंगी आवडायची. माझ्या मनात परदेश म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्या दारात आली. राजगडाच्या पायथ्याच्या पालीची, शेतकऱ्याघरची. भोरमधल्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होती आणि तिथल्याच मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. जर्मनीतल्या एका रुग्णालयात तिला जागा मिळत होती, मात्र भाषेची परीक्षा पास झाली तरच. सकाळची पाळी संपवून ती तीन वाजता यायची, चप्पल कडेला नीट जोडून ठेवायची आणि मी काहीही म्हटलं की म्हणायची, “व्हय बाई.”

शिकायला हुशार होती. हिंदी बोलणाऱ्यांना जर्मन ‘झेड’ उच्चारताना घाम फुटतो, कारण त्यांच्याकडे च एकच. आपल्याकडे दोन आहेत आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. मी तिला म्हटलं, “चंद्र म्हण. आता चांदणं म्हण. चंद्रातला च वेगळा आणि चांदण्यातला वेगळा, ऐकलंस? तिकडचा झेड म्हणजे चांदण्यातला च.” तिने डोळे मिटून दोन्ही शब्द चार वेळा म्हटले आणि हसली. जन्मभर तोंडात असलेली गोष्ट आत्ता जिभेला लागली होती. त्या दिवशी जाताना जिन्यावरून तिचं चंद्र-चांदणं, चंद्र-चांदणं ऐकू येत होतं.

अडलं ते ख पाशी. गावाकडच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटच्या ख चा क होतो, आणि जर्मनला तर आपल्या ख पेक्षाही खरखरीत काहीतरी लागतं. “घशात भाताचं तूस अडकलंय असं समज आणि ते काढ,” मी म्हणायचे. ती खोकायची, मग दोघी पाणी प्यायचो.

लेखी परीक्षेत ती चांगल्या गुणांनी पास झाली आणि तोंडीत नापास. मला खरंच वाटेना. उच्चार स्वच्छ, व्याकरण बरं, मग झालं काय? पुण्याहून आली तेव्हा तिने सांगितलं. तोंडी परीक्षेत दोघादोघांना समोरासमोर बसवतात, एक विषय देतात आणि वाद घालायला लावतात. हिच्या समोर पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. विषय होता, वॉर्डात पेशंटना मोबाईल वापरू द्यावा का. ते म्हणाले, द्यावा. हिचं मत अगदी उलट होतं, रोज वॉर्डात त्यावरून हिचं डोकं उठायचं. पण ही म्हणाली, आपलं बरोबर आहे. परीक्षक बाईंनी पुन्हा विचारलं, तुझं स्वतःचं मत काय? ही म्हणाली, यांचं आहे तेच.

“अगं पण का?” माझं डोकंच फिरलं. “बोलायचं नव्हतं का?”

“वयानं मोठे व्हते बाई. चार मान्सांत त्यास्नी खोटं कसं पाडायचं?”

रुग्णालयाने तिची जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती. त्याआधी परीक्षेची एकच तारीख उरली होती. ती हुकली की जर्मनी संपली, आणि मग घरचे तिच्यासाठी स्थळं बघायला लागणार होते हे तिने न सांगताही मला माहीत होतं.

एका रविवारी मी तिच्याबरोबर पालीला गेले. विंझरपर्यंत एसटी, पुढे जीप. लावणी उरकलेली होती, खाचरांत पाणी होतं आणि त्यात राजगड उलटा, हिरवागार पडला होता. वारा आला की गड हलायचा. मी बांधावर उभी राहून तो बघत होते, तेवढ्यात तिची आई पदराला हात पुसत आली. घरात भाकरीचा वास होता. आईने मला पहिलंच विचारलं, “बाई, तिकडं पोरीला काय म्हनत्यात?”

मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिकडे ‘मुलगी’ हा शब्द ‘ती’ नसून ‘ते’ आहे.

“मंग आमच्यावानीच की!” आई म्हणाली. “आमी बी ‘पोरगं’च म्हनतो. लई गुनाचं पोरगं हाय बाई. येवढं मोठं झालं, पर कधी कुनाला उलटून बोललं न्हाई.”

मुलगी चुलीजवळ मान खाली घालून बसली होती. ज्या गुणाचं या घरात एवढं कौतुक होतं त्याच गुणावर ती नापास झाली होती, आणि हे त्या माउलीला सांगायचं कसं? मी भाकरी खाल्ली. निघताना आईने मला बांधापर्यंत सोडलं. म्हणाली, “जाऊ द्या तिला. हितं काय हाय? फकस्त माझ्या म्होरं रडू नगं म्हनावं.”

सोमवारपासून मी खोटं बोलायचा सपाटा लावला. म्हटलं, ही कधीतरी चिडेल. जर्मनमध्ये म्हणाले, “तांदूळ झाडाला लागतो.” ती म्हणाली, तसं असू शकेल. म्हणाले, “राजगड सपाट मैदानावर आहे.” तिच्या गालात हसू आलं, पण बोलली हेच, की कदाचित आपलं बरोबर असेल. “कदाचित काय, कपाळ!” मी ओरडले. “जन्मभर उशाशी तो गड घेऊन झोपलीस ना?”

“व्हय बाई.”

जर्मनमध्ये एक छोटासा शब्द आहे, डॉख. समोरचा ‘नाही’ म्हणाला आणि आपल्याला माहीत असलं की आहे, तर हा एकच शब्द त्याच्या तोंडावर ठेवायचा. ‘आहे की!’ म्हणजे डॉख. ‘होतं की!’ म्हणजेही डॉख. त्यात शेवटी तो तुसासारखा ख आहे. तो शब्द मी तिला शंभर वेळा घोकायला लावला. उच्चार जमला, पण माणसाच्या तोंडावर काही तो ठेवता येईना.

परीक्षा आठ दिवसांवर आली होती. दुपार, बाहेर ऊन-सावली, पंखा कुरकुरतोय. मी डोळे अर्धवट मिटून बसले होते. विषय मीच दिला होता: परदेशात काम करायला जावं का. मी नकाराची बाजू घेतली आणि बोलता बोलता स्वतःचंच उदाहरण दिलं. म्हणाले, मला चोविसाव्या वर्षी जर्मनीत वर्षभर शिकायला जायची संधी आली होती. वडील आजारी होते म्हणून गेले नाही. तसंही मला जायचं नव्हतंच. इथे माझं काही अडलं नाही.

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितलं होतं की ते माझ्या तोंडातून झोपेतही सरळ आलं असतं.

ती म्हणाली, “डॉख.”

स्वच्छ. तूस निघालं होतं.

मी डोळे उघडले. तिची मान खालीच होती, पण ती थांबली नाही. मराठीत म्हणाली, “व्हतं की बाई. तुमी मोठी डिक्शनरी आनायला सांगितली व्हती, त्यात पासपोर्ट हाय तुमचा. एक बी शिक्का न्हाई. पर फोटूत तुमी हसताय.”

मला राग आला. थोडाथोडका नाही, चांगला आला. मी म्हणाले, “आज पुरे. जा.” तिने चप्पल घातली आणि गेली. त्या दिवशी जिन्यावर काही ऐकू आलं नाही.

दोन दिवस मी तिला बोलावलं नाही. दुपारी पडून राहिले, पण वस्तू नुसत्या वस्तू होऊन बसल्या होत्या, कुणी काही नव्हतं. जे मी कधी कुणाला सांगितलं नाही ते असं आहे, की वडिलांनी मला जा म्हटलं होतं. आजारी होते, पण बॅग त्यांनीच भरली होती, त्यात लोणच्याची बरणीसुद्धा फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मी भ्याले. एवढंच. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, एकटीने, मी भ्याले. आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून म्हणाले, तुम्हाला सोडून कशी जाऊ? पुढे अकरा वर्षं ते होते. आपल्यापायी पोरीचं राहिलं, असं समजूनच ते गेले. मी एकदाही त्यांना म्हटलं नाही की बाबा, तुमच्यामुळे नव्हे.

तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. ती दारातच उभी राहून म्हणाली, “माफ करा बाई, म्या असं बोलाया नको व्हतं.”

“माफी मागितलीस तर परीक्षेला पाठवायची नाही,” मी म्हणाले. “बस. भात झाडाला लागतो.”

“डॉख... न्हाई बाई, हितं डॉख न्हाई बसत. साधं ‘न्हाई’, नाइन. आनि तुमी भात लावलाय का कधी?”

ती पास झाली. या वेळी समोर कोण होतं, तिने कुणाला खोटं पाडलं, मी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. विंझरच्या फाट्यावर गाडी उभी होती. तिने आईच्या पाया पडून “येते” म्हटलं, माझ्या पाया पडून “येते” म्हटलं, आणि आईसमोर रडली नाही. गाडी वळल्यावर आईच रडली.

पालीत रेंजचा भरवसा नसतो, म्हणून आता बाजाराच्या दिवशी तिची आई माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसतो. मागच्या खेपेला मुलगी टोपी घालून खिडकीत उभी होती, मागे बर्फ होतं. आईने जेवलीस का विचारलं, मी सूर्य दिसतो का विचारलं. ती म्हणाली, “दिसती की. ती हितं उशिरा उठती.” मग म्हणाली, “बाई, तुमी कवा येताय?” मी गुडघे, वय, व्हिसा असं सगळं एका दमात सांगितलं. ती काहीतरी बोलायला लागली आणि चित्र थिजलं.

“गेली?” आईने विचारलं.

“रेंज गेली,” मी म्हणाले.

“यील परत,” आई म्हणाली आणि पिशवीतून माझ्यासाठी आणलेले हातसडीचे तांदूळ काढायला लागली. काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोरगीचं ऐका कवातरी. ती तुमास्नी एकटीलाच उलटून बोलती.”

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला गेले. पासपोर्टच्या खिडकीवरची मुलगी फॉर्म बघत होती. त्यावरचं माझं वय बघून तिने मान वर न करताच रकाना भरायला घेतला. “आधी पासपोर्ट नव्हता ना, आजी?”

“होता की,” मी म्हणाले, आणि पर्स उघडून तो तिच्यासमोर ठेवला.