खैरानला, कापलेला प्रसंग बघायला

कुवेतच्या दक्षिण टोकाला असलेल्या खैरानला लोक समुद्रासाठी जातात. आम्ही गेलो ते टीव्हीवरच्या एका खुनाचं पुढे काय झालं, ते कळावं म्हणून.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्याची, कुवेतच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. अब्बासियातल्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर सुनंदा राहायची, लातूरकडची नर्स. इंग्रजी चॅनेलवर दर आठवड्याला जुन्या लंडनमधली पोलिसी मालिका लागायची. धुकं, घोडागाड्या, घाणेरडे बोळ आणि कधीही न हसणारा एक इन्स्पेक्टर. एका भागात त्यानं नवऱ्याच्या खुनासाठी एका धोबिणीला पकडलं. तो कोठडीत शिरला, चित्र उडालं आणि पुढच्या क्षणी बाई रस्त्यावरून मोकळी चाललेली!

"ताई, सोडलं का म्हणून तिला?" सुनंदानं विचारलं.

"सेन्सॉरनं काहीतरी कापलंय."

"पण काय?"

मला काय ठाऊक! एरवी टीव्हीसमोर डुलक्या काढणारी सुनंदा तो प्रश्न सोडेचना. शेवटी मी आमच्या फिजिओथेरपीतल्या मार्गारेटला विचारलं. ती इंग्रज, तिचा भाऊ तिकडून मालिकेच्या व्हिडिओ टेप पाठवायचा.

"आहे की तो भाग, खैरानच्या शॅलेवर. गुरुवारी चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. शॅले म्हणजे किनाऱ्यावरचं सुट्टीचं घर.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस भरून निघालो. जाणार असाल तर पेट्रोल वाटेतल्या फहाहील गावातच भरा, पाणीही तिथंच घ्या. पुढे नुसती वाळू, विजेचे खांब आणि मधूनच उंट. खाण्याची सोय आम्ही घरूनच केली होती. सुनंदाचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मार्गारेट एका हातानं खात, दुसऱ्यानं स्टिअरिंग धरत होती. त्या नादात वळण चुकलं आणि आम्ही थेट सौदीच्या सीमेजवळच्या चौकीवर! पोलिसानं तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"खैरान?" मी विचारलं.

"वरा, वरा!" मागे जा, असं हातवारे करत तो ओरडला. बायका इथं कशा पोहोचल्या, हे त्याला कळेना. आम्हालाही.

शुक्रवारी सकाळी समुद्रात पाय बुडवले, भाजलेला हमूर मासा खुबूस रोटीबरोबर खाल्ला. मग पडदे ओढून मार्गारेटनं टेप लावली.

कापलेला प्रसंग अगदी छोटा होता. कोठडीत धोबीण पाठमोरी होते आणि खांद्यावरून कपडा खाली सरकवते. पाठभर वळ, डागल्याच्या खुणा. इन्स्पेक्टर विचारतो, "किती वर्षं?" ती कपडा पुन्हा वर ओढून घेते. तो दार उघडतो. बस्स. उघडी पाठ दिसली म्हणून सेन्सॉरनं कात्री चालवली होती.

मी तर आणखीच गोंधळले. "म्हणजे खून तिनंच केला? आणि पोलिसानं सोडून दिलं?"

मार्गारेटनं खांदे उडवले. सुनंदा टीव्हीच्या पडद्याकडेच बघत होती. "त्यानं विचारलं तरी," ती म्हणाली.

फ्लॅटवर परत आल्यावर मी चहा ठेवला, तेव्हा सुनंदा म्हणाली, "ताई, मला बी हायत."

"काय?"

"पाठीवर. आमच्या ह्यांनी तापलेलं उलथनं लावलं होतं. आता नोकरी सोडून ये म्हणतात. तिकीट बी काढलंय मी."

एका खोलीत राहून मला काहीच माहीत नव्हतं. उसळून आलेला चहा शेगडीवर सांडला तरी मी तशीच उभी. "जाऊ नकोस" म्हणायचा मला काय अधिकार, आणि "जा" तरी कसं म्हणू?

शनिवारी ती कामावरून परस्पर एजन्सीत गेली आणि तिकीट रद्द करून आली. आल्यावर माझ्या हातात छोटा आरसा दिला, स्वतः कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

"असा धरा. मी कधी बघितलंच नाही."

ती बराच वेळ बघत राहिली. मग ब्लाउज सारखं करत म्हणाली, "मला वाटलं, लई मोठं असंल."

त्या प्रवासातलं किनाऱ्याचं पाणी, माशाची चव, सगळं आता पुसट झालंय. तिच्या आवाजात सुटका होती की निराशा, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.